इसब आणि सल्लागार

मुरुडात कुणाला इसब झाला की खाज त्याला सुटते आणि सल्ला गावाला. माझ्या घोट्यावर तो उमटला नि काकू म्हणाल्या, "रक्त बिघडलंय, वांगं सोड." मामांनी दही सोडवलं, शेजाऱ्यांनी शेंगदाणे. ताटात मीठ तेवढं उरलं. इसब जागचा हलला नाही!

अहो, वांग्यावर खटला भरण्याआधी खरे आरोपी तर पकडा! कपड्यांचा साबण, बोअरचं जड पाणी, घाम, लोकर, हिवाळ्यातली कोरडी हवा. शिवाय गाजरगवत. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलेली ही बया आज आमच्या बांधावर नांदते. ती उपटायला एकही सल्लागार फिरकत नाही.

उपाय साधे आहेत. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन, सुती कपडे. स्टेरॉइडचं मलम डॉक्टर सांगतील तेवढंच. दुकानदाराच्या शिफारशीनं महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ होते.

आणि इसब शिवल्यानं लागत नाही, हो! परवा एका लग्नात मला पाणी वेगळ्या पेल्यातून मिळालं. खरं सांगतो, खाजेपेक्षा तो पेला जास्त झोंबला.