पद्मिनीचे ब्रेक
कुर्ल्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाताना उसाच्या ट्रॉल्यांमागे सतत ब्रेक दाबावा लागतो आणि ड्रम ब्रेकची मर्यादा कळते: ड्रम तापून प्रसरण पावतो, पेडल खोल जातं, पकड ढिली पडते. म्हणून हौशी मालक पुढच्या चाकांना डिस्क बसवून घेतात. उघडी असल्याने ती वाऱ्यावर लवकर निवते. पण तेवढ्याने भागत नाही. ड्रममध्ये फिरत्या चाकाच्या ओढीनेच पुढचा लायनर अधिक आवळला जातो. डिस्कला ती मदत नसते, त्यामुळे पाय भरून येतो. बूस्टर हवाच. आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल, तर एक नळी फुटताच चारही चाकांचा ब्रेक जातो. खर्च बेताचा असेल, तर डिस्कआधी दोन सर्किटचा सिलिंडर बसवावा.