फॉर्मॅट मारण्याआधी

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध आहे: फॉर्मॅट मारा. हळू चालतोय? फॉर्मॅट. प्रिंट येत नाही? फॉर्मॅट. चालता चालता अचानक बंद पडतो? मग तर फॉर्मॅटच, आणि त्यानेही भागलं नाही तर 'आता नवीन घ्या, याचं वय झालं'. गल्लीतल्या दुकानापासून आमच्यासारख्या आयटीतल्या मंडळींपर्यंत सगळे हेच सांगतात. आमचं विशेष एवढंच, की आम्ही ते पुण्यात बसून फोनवर सांगतो :)

माझं मत विचाराल तर बंद पडणाऱ्या पीसीला फॉर्मॅट मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा सदरा बदलणं. विंडोज बिघडलं की ते अडकतं, कुरकुरतं, निळा पडदा दाखवतं. (तो पडदा दाखवून लगेच रिस्टार्ट व्हायची सोय मुळातच चालू असते, ती आधी बंद करून ठेवा, म्हणजे घोळ होत नाही.) पण दिवा विझावा तसा पीसी फट्कन बंद होत असेल, तर बहुतेक वेळा कारण उष्णता नाहीतर वीज. बरं, इव्हेंट व्ह्यूअर उघडलं की 'कर्नल पॉवर ४१' असं लाल खुणेसह दिसतं आणि लोकांना वाटतं सापडला चोर. त्या ओळीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तर आपल्याला माहीतच होतं की राव!

हे आज लिहायचं कारण चामोर्शी. गडचिरोली जिल्ह्यात, मार्कंड्याच्या देवळाजवळचं तालुक्याचं गाव. तिथं माझे मामा राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे कोअर टू ड्युओचा जुना पीसी आहे, विंडोज ७ वाला. त्यावर गेली काही वर्षं ते झाडीबोलीतले शब्द टाईप करून ठेवतायत. बांधी, पऱ्हे, रोवणी, पुंजणे... धानाच्या शेतीतलेच शेकड्याने शब्द, वापराच्या वाक्यासकट. आणि हे सगळं कृतिदेवमध्ये. म्हणजे युनिकोड नाही. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्ट त्या पीसीत, फाईल त्या पीसीत, बॅकअप मामांच्या डोक्यात.

मे महिन्यात मामांचा फोन. "बाबू, चालता चालता कंप्युटर मरते. दुकानातला पोट्टा म्हणते फॉर्मॅट मारून देतो, तीनशे रुपये."

म्हटलं, मामा, दुकानात नेऊ नका. आधी तो पीसी तासभर थंड होऊ द्या, मग चालू करून पहिल्यांदा ती फाईल पेनड्राईव्हवर घ्या. फॉन्टसुद्धा. एक पेनड्राईव्ह घरी, एक मामींच्या भावाकडे. अचानक वीज तुटत राहिली की हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून निदान नंतर, डेटा आधी.

मग फोनवरच एक फुकटची तपासणी. पीसी चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, बायोसचा पडदा आला की हात न लावता नुसतं बसायचं. तिथं विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथेही पीसी बंद पडला तर विंडोज निर्दोष, फॉर्मॅटचा विषय संपला. मामा घड्याळ घेऊन बसले. वीस मिनिटांनी बंद. लगेच पुन्हा चालू केला तर पाचच मिनिटांत बंद. तासाभराने केला तर परत वीस मिनिटं. या आकड्यांतच उत्तर आहे: गरम असताना लवकर मरतो, गार झाल्यावर जास्त टिकतो. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जळण्याआधी वीज तोडतो. म्हणजे मशीन स्वतःला वाचवत होतं, आणि आपण त्यालाच म्हातारा म्हणत होतो.

पुढच्या शनिवारी नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस करून गेलो. प्लग काढून डबा उघडला. (या डब्याला आपण सीपीयू म्हणतो. मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलंय.) प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा चक्क नमदा जमला होता. विदर्भातली गंमत अशी, की खिडकीतला कूलर दमट हवा आत फेकतो आणि त्या ओलाव्यात धूळ, धानाचा कोंडा सगळं चिकटून बसतं. बाहेर ४५ अंश असताना आत हवा फिरायलाच जागा नाही. शिवाय पंखा बोर्डाला धरून ठेवणाऱ्या चार खुंट्यांपैकी एक निसटलेली, म्हणजे हीटसिंक तिरका. ब्रश, ब्लोअर, वाटाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट, खुंटी जागेवर. बायोसमध्ये ८८ दाखवणारं तापमान ५४ वर आलं.

बोर्डावरचे कपॅसिटरही पाहून घेतले. डोकी सपाट होती, फुगलेली नव्हती. २००० च्या दशकात खराब कपॅसिटरची साथच आली होती. २००५ मध्ये डेलने आपल्या ऑप्टिप्लेक्सच्या दुरुस्तीपायी ३० कोटी डॉलर बाजूला काढले होते. तेव्हा जुना पीसी उघडलात तर तिकडे एक नजर टाकाच. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतका चार्ज उरतो.

संध्याकाळी सातला पीसी परत बंद. पण या वेळी लगेच आपोआप चालू झाला. म्हणजे हे दुसरं दुखणं. मल्टिमीटर लावला: २३० च्या जागी १७५, आणि कूलरचा पंप सुरू झाला की आणखी गचका. 'अहो पण यूपीएस आहे ना', मामी म्हणाल्या. आहे, दिवाही लागतो. त्याला टेबललॅम्प जोडून भिंतीतला प्लग काढला, लॅम्प त्याच क्षणी विझला. बॅटरी मेलेली. वीज गेल्यावर एसएमपीएस जेमतेम १५-२० मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. ती शिशाची बॅटरी दर दहा अंश जास्त उष्णतेला साधारण निम्मं आयुष्य गमावते, आणि मामांनी यूपीएस ठेवला होता पश्चिमेच्या खिडकीखाली.

गडचिरोलीहून १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणली, यूपीएस आतल्या भिंतीला सरकवला, कूलर दुसऱ्या बोर्डावर नेला. दुकानाच्या तीनशेपेक्षा खर्च जास्तच झाला हे कबूल. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत, म्हणून इंटरनेटची वायर मात्र काढून ठेवली. मामांना ती तशीही नको होती.

आता फाईल युनिकोडमध्ये करतोय. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे करतो, त्यामुळे प्रत्येक पान मामांना वाचून बघावं लागतं. शिवाय जिथं त्यांनी मुद्दाम बोलीप्रमाणे 'पानी' लिहिलंय, तिथं माझा स्पेलचेकर 'पाणी' करून ठेवतो. परवा फोनवर त्यावरून मला चांगलंच झापलं त्यांनी.