पुसलेली पावलं

२९ एप्रिल १९१६, डब्लिन. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्स ब्रिटिश सेनापतीपुढे शरण आला, त्या क्षणाचा फोटो आहे. नीट पाहिलं तर पिअर्सच्या मागे आणखी दोन पावलं दिसतात: एलिझाबेथ ओ'फॅरेल या परिचारिकेची. पुढे काही ठिकाणी हा फोटो छापताना ती पावलं पुसून टाकली गेली. मला हे फार लागलं.

पिअर्स कुटुंबाचे फोटो आणि कागद मुळातूनच पाहावेत. वडील इंग्रज, दगडावर कोरीवकाम करणारे. डोळ्यातला तिरळेपणा दिसू नये म्हणून पॅट्रिक बहुधा एका बाजूनेच फोटो काढून घेई. ३ मे रोजी त्याला आणि ४ मे रोजी धाकट्या भावाला, विलीला, गोळ्या घातल्या. आई मागे उरली.

वाचकहो, आपली माणसं अशी पुसली जाऊ नयेत म्हणून घरातल्या जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नावं आणि साल आजच लिहून ठेवा.