पहाटे ४ ची घंटा

इगतपुरीच्या धम्मगिरीवर मोबाइल जमा केला आणि हात एकदम रिकामे वाटायला लागले. १० दिवस मौन! पहाटे ४ ला घंटा, साडेचारला ध्यान, ११ ला जेवण, संध्याकाळी ५ ला चहा आणि फळं. मग थेट दुसऱ्या दिवशी नाश्ता. (भुकेचं टेन्शन नका घेऊ, खरा वैरी गुडघा!) फी नाही, सगळं जुन्या साधकांच्या दानावर. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. मी मात्र मनातल्या मनात एडिटरला मेल लिहीत होते. चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं. तेव्हा आईवर केलेली चिडचिड आठवली आणि रडूच आलं. फोन हातात आल्यावर आधी तिलाच लावला. म्हणाली, ‘बारीक झालीस का गं?’