काच झाकत नाही, पण...

गेल्या दिवाळीत आमचा परदेशस्थ भाचा एक नवलाचा चष्मा घेऊन आला. तो डोळ्यांवर चढवला की समोरचे जग जसेच्या तसे दिसते आणि शिवाय हवेत टांगल्यासारखी अक्षरेही दिसतात. "मामा, यात काहीच झाकले जात नाही!" इति भाचेबुवा. मी कौतुकाने चष्मा लावला, हवेतला मजकूर वाचत अंगणात उतरलो आणि नातीने तासभर खपून काढलेल्या रांगोळीत थेट पाय दिला!

घरच्या मंडळींनी माझ्या वयाला दोष दिला. वय कबूल, दोष नाकबूल! रांगोळी माझ्या डोळ्यांपुढेच होती. माझे लक्ष मात्र अक्षरांत होते. तेव्हा माझे भांडण आहे ते त्या "काहीच झाकले जात नाही" या वाक्याशी.

असे आरपार दिसणारे यंत्र आयव्हन सदरलँड यांनी 1968 सालीच बनवले होते. ते छताला टांगलेले असे, म्हणून त्याला 'डॅमोक्लीसची तलवार' हे नाव पडले. आजची यंत्रे नाकावर मावतात, पण एक अडचण कायम आहे. ही काच जगात प्रकाशाची भर घालते. वजाबाकी तिला येत नाही. काळे अक्षर काढू जावे, तर तेथे नुसते आरपार दिसते. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढरी अक्षरे विरून जातात. मग कारागीर काय करतात? अक्षरे आणखी झगझगीत करतात, नाहीतर काचच गडद करतात. म्हणजे जग झाकले की नाही?

बरे, काच निर्मळ असली तरी लक्षाचे काय? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. नासाने 1980 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वैमानिकांना सरावयंत्रात विमान उतरवायला दिले होते. समोरच्या दृश्यावरच आकडे उमटत होते. धावपट्टीवर मुद्दाम दुसरे विमान आडवे आणले, तर काहींना ते दिसलेच नाही! ही तर कसलेली माणसे. तेथे रस्ता ओलांडणाऱ्या तुमच्या-आमच्या पोरांची काय कथा?

मी यंत्रांचा वैरी नव्हे. दोन्ही हात कामात गुंतलेल्या कारागिराला नकाशा डोळ्यांपुढे मिळाला, तर मला आनंदच आहे. पण तो एका जागी उभा असतो आणि नकाशा त्याने स्वतः मागितलेला असतो. चालत्या माणसापुढे न बोलावता नाचणारी अक्षरे, हा निव्वळ आगाऊपणा आहे. पाऊल उचलले की त्यांनी बाजूला व्हावे, एवढेच माझे मागणे.

पाडव्याला नातीने पुन्हा रांगोळी काढली आणि दारातच मला अडवले. "आजोबा, आधी चष्मा काढा!" नाकावर माझा जुना, साधाच चष्मा होता. तरी मी निमूटपणे खाली पाहिले.