हिरकणीच्या दाराला कुलूप

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर बसची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर एक तान्हं मूल भुकेनं रडू लागलं. त्याच्या आईनं इकडंतिकडं पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला पदराखाली घेतलं. समोर कॉलेजची चार मुलंमुली उभी होती. मुलगे घाईनं दुसरीकडे पाहू लागले. मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "इथं काय? त्यासाठी खोली आहे ना!"

खोली होती खरी. दारावर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी होती आणि दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते जेवायला गेलेले!

हिरकणीची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ भुकेलेलं, म्हणून ही गवळण रात्री कडा उतरून गेली. २०१९ साली तिच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या घरातली कॉलेजची मुलं डोळे पुसत परत आली होती. कडा उतरणारी आई चालते. घरी पोचल्यावर ती जे करते, ते मात्र दिसायला नको!

तरी मला या मुलांचा राग आला नाही. त्यांनी पाहिलंय कुठं? आमच्या लहानपणी माजघरात कुणीतरी आत्या बाळंतपणाला आलेली असायची. मूल मांडीवर पीत असायचं, ती भाजी निवडणाऱ्यांशी गप्पा मारायची आणि आम्ही पोरं तिथंच सागरगोटे खेळायचो. (त्या काळी सगळंच छान होतं असं नव्हे. त्या आत्याला पोटभर जेवायला मिळे की नाही, हे कुणी विचारत नसे.) आता घरं लहान, मुलं एक किंवा दोन. बाईचं शरीर या मुलांना भेटतं ते जाहिरातीत आणि मोबाइलवर. २०१८ साली 'गृहलक्ष्मी' या मल्याळी नियतकालिकानं मुखपृष्ठावर बाळाला पाजणारी मॉडेल छापली, तर प्रकरण केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसलं नाही.

कायदे आपण केले. तान्ह्यांच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्यानं बंदी आली, २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालची, निव्वळ आईच्या दुधावर असलेली मुलं शंभरात चौसष्टच निघाली. कारणं अनेक असतील. चारचौघांतला संकोच त्यांतलं एक नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

स्थानकावरची ती मुलगी थोड्या वेळानं माझ्याशेजारी येऊन बसली. "काकू, एवढा वेळ लागतो?" तिनं विचारलं.

"वीस मिनिटं, कधी अर्धा तास. दिवसातून आठ-दहा वेळा. रात्रीचंही धर."

तिनं मनात हिशेब केला असावा.

"मग ती घराबाहेर पडणार कधी?"