बदलला म्हणून बाटला का?

कलावंताने एकदा आपले मन जिंकले की त्याने पुढेही तसेच गात राहावे, अशी रसिकांची अपेक्षा असते. ती स्वाभाविक आहे; पण न्याय्य आहे काय? मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ या रॉक बँडमुळे हा प्रश्न मला पडला.

आमच्या नाकाडोंगरीत रॉक संगीत फारसे कुणी ऐकत नाही. पुण्याला कामावर असलेल्या मामेभावाने दिवाळीत या बँडची गाणी माझ्या मोबाईलमध्ये भरून दिली आणि वर बजावले, “पहिला अल्बम ऐक. दुसऱ्यात ते बिघडले.” अर्थात मी दुसराच आधी ऐकला!

‘वुई आर नॉट लिसनिंग’ हा त्यांचा पहिला अल्बम १९९६ साली आला. गिटारचा दणका आणि विशाल ददलानींच्या गळ्यातला संताप, हा त्याचा बाज. दुसरा, ‘अप’, यायला २००२ साल उजाडले. त्यात इलेक्ट्रॉनिक ध्वनी आले, यंत्रावर बांधलेले ठेके आले. जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही तर नवल नाही. १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांचीही हुर्यो उडाली होती.

कुणी म्हणेल, हा बाजाराचा मोह. मला तसे वाटत नाही. ददलानी १९९९ पासूनच शेखर रावजियानी यांच्याबरोबर हिंदी चित्रपटांना संगीत देत होते. पैसाच हवा असता तर तो रस्ता मोकळा होता. इंग्रजी रॉकच्या मोजक्या श्रोत्यांनाही नाराज करण्याची जोखीम कोण कशाला पत्करील? ज्याला सांगायचे काही उरलेले असते, तोच नवी रीत शोधतो.

आता आपल्या झाडीपट्टीकडे पाहू. माझे आजोबा तरुणपणी मंडईत दंडार करीत. पुढे त्याच परंपरेतून झाडीपट्टीचे नाटक वाढले. पडदा आला, लिहिलेली संहिता आली, ऑर्गन आला. “दंडार मेली,” असे आजोबा हळहळून म्हणतात. पण गावात नाटक असले की घोंगडे घेऊन सर्वांच्या आधी जाऊन बसतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. मग बदल वाईट, असे कसे म्हणावे?

आणि मी तरी तोच कुठे राहिलो? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वर्गात ‘पानी’ म्हटले तर मुले हसतात. घरी ‘पाणी’ म्हटले तर धाकटी बहीण हसते. शेजारच्या काकू म्हणाल्या, “कालेजात गेलास अन् तुजी बोलीच बदलली, बाबू.” त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागले. बँडची बाजू मी एवढ्या हिरिरीने का मांडतो आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

तरीही मामेभावाची तक्रार मी अगदीच खोटी मानत नाही. परक्या शहरात एकट्याने काढलेल्या रात्री त्याला ज्या आवाजाची सोबत होती, तो आवाज पुढच्या अल्बममध्ये त्याला भेटला नाही. पण त्याचे नशीब असे की पहिला अल्बम जागच्या जागी आहे. हवा तेव्हा लावावा आणि ऐकावा. आजोबांची दंडार कुठे लावून ऐकायची? काकूंची बोली मी विसरलो तर ती कुठून परत आणायची?

म्हणून माझे मत असे: बदलणाऱ्याला बाटला म्हणू नये, पण ज्याची पहिली चाल कुठेच नोंदलेली नाही, त्याने बदलताना ती जपण्याची जबाबदारीही उचलावी. गेल्या महिन्यापासून मी आजोबांची दंडारीची गाणी मोबाईलवर उतरवून घेतो आहे. सात झाली आहेत. आठव्याचा दुसरा चरण त्यांना आठवत नाही. गावात आणखी कुणाला तो येतो का, ते विचारीत फिरतो आहे.

— बी. ए. भाग २, नाकाडोंगरी